आईची राहिलेली ओटी

त्या रविवारी पहाटे पाच वाजता मी कपाटाच्या आतल्या कप्प्यातून मंगळसूत्र काढलं आणि गळ्यात घातलं. यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

घालायला वीस मिनिटं लागली. माझ्या बोटांचे सांधे धरलेत, आणि मानेमागचा तो बारीक हूक मला एकटीला कधीच जमलेला नाही. कित्येक वर्षं तो हूक हेच लावून देत. कुठे लग्नाला निघालो की मी पाठ करून उभी राहायची आणि हे चष्मा कपाळावर चढवून "हलू नकोस" म्हणायचे. त्या पहाटे आरशासमोर उभी राहून मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या तेव्हा कुठे हूक लागला.

बाईला वेड लागलं असं कोणाला वाटेल म्हणून सांगते, मी डोकं ठिकाणावर ठेवून हे करत होते. मला त्या दिवशी कोणाकडून तरी ओटी भरून घ्यायची होती, आणि मोकळ्या गळ्याच्या बाईची ओटी अनोळखी माणसं भरत नाहीत. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलवा, विधवा-सधवा करू नका, असं मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून सांगत असे. हल्ली पुष्कळ जणी काढतही नाहीत मंगळसूत्र. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा जाऊबाई पुढे झाल्या, त्यांनी मागून हूक काढला आणि मी नुसती बसून राहिले. माझं सगळं भाषण त्या दिवशी घशातच राहिलं.

ओटी माझी नव्हे, आईची होती.

आईचं माहेर धरणात गेलं. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की ते धरण लागतं. गाव उठलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. शेवटचं म्हणून आई मला घेऊन चार दिवस राहायला गेली होती. निघायच्या सकाळी दारात बैलगाड्या भरून उभ्या होत्या. तीन मामा, तिन्ही मामांना जमिनी वेगवेगळ्या ठिकाणी मिळालेल्या, आणि भांडीकुंडी कोणाच्या गाडीत जायची ह्यावरून घरात धुसफूस. आई उंबऱ्यात उभी राहिली. माहेराहून लेक निघाली की तिची ओटी भरायची, ही साधी रीत. पण तांदळाची पोती शिवून गाडीत सगळ्यांत खाली गेली होती. मोठी मामी म्हणाली, "पुढच्या खेपेला दोनदा भरू." आईने पदर पुढे केलेला होता, तो तिने तसाच कमरेला खोचला. पुढची खेप आलीच नाही. मामा तीन दिशांना पांगले, मामी वर्षभरात गेली, आणि परत जायला घर असं कोणाचंच उरलं नाही.

शेवटचं वर्ष आई आमच्याकडे नाशिकरोडला होती. एकदा दुपारी मी तिचे केस विंचरत असताना ती म्हणाली, "एकदा गावाला जाऊन माझी ओटी घेऊन ये गं. राहिलीय ती."

मी म्हटलं, "आई, तिथे पाणी आहे. कोण भरणार ओटी, मासे?"

ती हसली. पण नंतर संध्याकाळपर्यंत बोलली नाही. हे पेपर वाचत बसले होते, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला म्हणाले, "आपण जाऊ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की टेकाड उघडं पडतं म्हणतात. मी होडीचं बघतो." त्यांनी खरंच दोनदा चौकशी केली. एकदा माझ्या परीक्षा होत्या आणि एकदा माझे गुडघे. मग आई गेली. त्यानंतरही ते म्हणत, आता तरी जाऊन येऊ, आणि मी म्हणे, बघू. मग एके दिवशी सकाळी चहा टाकेपर्यंत ते गेले. बघायचं राहूनच गेलं.

आणि ह्या फाल्गुनात कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली. "धरणातलं बेट : निसर्ग आणि वारसा, एक दिवसाची सहल, माहितगार सोबत." खाली फोटो होता. पाण्याच्या मधोमध एक उघडं टेकाड आणि त्यावर चिंचेचं झाड. ते झाड मी ओळखलं. त्याच दिवशी मी एक जागा नोंदवली, आणि शनिवारी बाजारातून नारळ, खण आणि पावशेर तांदूळ आणून पिशवीत भरले.

मिनी बस माझ्यापासूनच निघाली, म्हणून मी पहिली. खिडकीची जागा घेतली. द्वारका, मुंबई नाका, कॉलेज रोड असं करत माणसं भरत गेली. सगळी दोघंदोघं नाहीतर चौघंचौघं. येणारा प्रत्येक जण माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघायचा आणि पुढे जायचा. शेवटी एका मुलीने विचारलं, "काकू, काका येतायत का इथे?" सिन्नरची होती, नवं लग्न झालेलं, नवरा तिथल्याच कारखान्यात. त्याने मागे मित्रांबरोबर ठाण मांडलं होतं.

"नाही," मी म्हटलं, "त्यांना पाण्याची भीती वाटते."

खोटं इतकं सहज आलं तोंडातून. पण गळ्यात ते घालून बसल्यावर दुसरं काय सांगणार होते? मुलगी शेजारी बसली आणि बोलायला लागली. काका काय करतात? प्रेसमधून रिटायर झालेत. घरी एकटे काय करतील दिवसभर? झाडांना पाणी घालतील, शब्दकोडं सोडवतील, नको म्हटलं तरी चहा तीनदा करतील. ते घोरतात का हो? म्हटलं, अगं, खिडकीची तावदानं हलतात. ती खळखळून हसली. मीही हसले. दोन वर्षांत ह्यांच्याबद्दल मी इतकं कोणाशी बोलले नव्हते. लोक भेटले की आवाज खाली आणून विचारतात, मग आपणही खालच्या आवाजातच बोलतो आणि लवकर संपवतो. इथे मी ह्यांना चांगलं तासभर जिवंत ठेवलं. गंगापूर गेलं, द्राक्षाचे मांडव मागे पडले, आणि मला मनापासून वाटायला लागलं की संध्याकाळी घरी गेल्यावर हे दार उघडतील.

काठावर पोचलो तर पाणी बरंच उतरलं होतं. आम्हाला नारंगी जॅकेटं घातली आणि मासेमारीच्या दोन होड्यांत बसवलं. माहितगार चाळिशीचा, टोपीवाला, गळ्यात दुर्बीण. पक्ष्यांचं त्याला चांगलं कळत होतं. हा नदीसुरय, तो पाणकावळा, असं तो मन लावून दाखवत होता. मी मात्र होडीच्या कडेने खाली बघत होते. गढूळ पाण्यात काय दिसणार! तरी बघत होते. आमच्या खाली आईची शाळा असेल, विहीर असेल, असं मनात येत होतं.

बेट म्हणजे गावाची वरची आळी. दहाबारा जोती, गावदेवी म्हणून पुजलेला शेंदरी दगड, म्हणजे तांदळा, एक वीरगळ आणि ती चिंच. वीरगळाबद्दल माहितगाराने छान सांगितलं. मग तो एका जोत्यावर चढला, दगडातल्या वाटोळ्या खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इथे गावकरी तेल भरून मोठा दिवा लावत असावेत."

ते आमचं उखळ होतं. त्याच्या कडेचा टवका उडालेला होता आणि त्यात माझा लहानपणी पाय अडकला होता. मामी त्यात मिरच्या कुटायची. माझ्यातली शाळेची बाई लगेच हात वर करणार होती. पण हात वर केला की सगळं सांगावं लागलं असतं, मग चौदा माणसं माझ्याभोवती जमली असती, कोणी "अय्या" म्हटलं असतं, कोणी फोटो मागितला असता. लोक दिव्याचे फोटो काढून पुढे गेले आणि मी मामाच्या उंबऱ्याच्या दगडावर एकटीच बसले. उंबरा तेवढा जाग्यावर होता. त्याच्या आत गवत होतं, बाहेरही गवत होतं. इथून घरात जाणं आणि घराबाहेर पडणं सारखंच होतं. मला वाटलं होतं की रडू येईल. रडूबिडू काही आलं नाही, नुसतं एकटं वाटलं.

जेवण चिंचेखाली होतं. नव्या गावठाणातली एक म्हातारी रांधायला आलेली होती, सत्तरीच्या पुढची, कपाळ मोकळं, नऊवारीचा काष्टा घट्ट. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. सगळे वाढून घेऊन पांगल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "मावशी, ते उखळाचं घर माझ्या मामांचं."

तिने परातीतून हात काढला. माझ्याकडे बघत राहिली. "तीन भावांचं? चिचंखालचं?"

"हो."

"मंजी तू थोरल्या आक्काची लेक! त्यांच्यात एकच बहीण होती. उठायच्या येळंला आल्ती. संगं बारकी पोर होती, ती तूच काय गं?"

मी मान हलवली. मग मी तिला सगळं सांगितलं, शिवलेली पोती, मामीचं बोलणं, आईने कमरेला खोचलेला पदर. मी मासे म्हणाले तेही सांगितलं. ती ऐकत होती आणि मधूनमधून चुलीतलं लाकूड मागे सारत होती.

"मंग आण पिशवी," ती म्हणाली. "तुजे तांदूळ नको. दुकानातल्या तांदळानं माहेरची ओटी व्हती व्हय? ह्ये घे, आमच्या नव्या रानातलं हायेत. नारळ माझ्यापाशी नाय, तुजा चालंल." ती उठली आणि थबकली. "मी भरली असती गं. पण माझं कपाळ ह्ये असं." मग तिने मला उंबऱ्याच्या दगडावर नेऊन उभं केलं आणि सिन्नरच्या मुलीला हाक मारली. "ये पोरी, तू सवाष्ण ना? हिकडं ये."

म्हातारी मोकळ्या कपाळाची म्हणून मागे सरली होती, आणि मी तिच्याच समोर खोटेपणाने मंगळसूत्र घालून उंबऱ्यावर उभी होते. वाटलं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर ओटी पुन्हा राहिली असती, आणि आता तिसऱ्यांदा येणारं कोणी नव्हतं. मी पदर पुढे केला.

मुलीला भलताच आनंद झाला. तिने नवऱ्याच्या हातात मोबाईल दिला, व्हिडिओ काढ म्हणाली. बायका गोळा झाल्या. तिने मला हळदकुंकू लावलं, पदरात खण ठेवला, त्यावर नारळ, आणि तांदळाची ओंजळ भरून मध्येच थांबली.

"काकू, असं फुकट नाही. आधी नाव घ्या!"

"नाव घ्या, नाव घ्या," सगळ्या ओरडायला लागल्या.

मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. आमच्या वेळी नव्हती पद्धत. "अहो" वर सगळा संसार झाला. नाव घ्यायचं ते उखाण्यात, लग्नात, डोहाळजेवणात, चार बायका मागे लागल्या की. गेल्या दोन वर्षांत ते नाव मी फक्त लिहिलं होतं, बँकेत, पेन्शनच्या अर्जावर, आणि दर वेळी त्याच्या आधी "कै." लावून. तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं. आता उंबऱ्यावर पदर पसरून उभी होते, मुलीची ओंजळ हवेत थांबली होती आणि सगळ्या वाट बघत होत्या.

"गाव गेलं पाण्याखाली, उंबरा राहिला वर," मी म्हटलं. आवाज बरा निघाला. मग ह्यांचं नाव घेतलं. ते सबंध नाव, पुढे राव लावून, उघड्यावर, वाऱ्यात. "...रावांचं नाव घेते, पोरी ओटी भर."

टाळ्या पडल्या. तांदूळ पदरात पडले. त्यांना वजन असं काही नव्हतं, पण मी पदर दोन्ही हातांनी छातीशी धरला. आई ह्याच दगडावर उभी होती. तिच्या पदरात जे पडायला हवं होतं ते माझ्या पदरात होतं, आणि ते दाखवायला मला ह्या जगात माणूस नव्हतं. ना ती, ना हे.

परत निघताना म्हातारी होडीपर्यंत आली. सगळे बसत होते. तिने माझं कोपर धरून मला बाजूला घेतलं.

"किती वर्सं झाली तुज्या मालकाला?"

मी दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"जित्या नवऱ्याचं नाव बाया हसत घेत्यात. तू देवाचं घेतल्यावानी घेतलंस."

"दोन वर्षं," मी म्हटलं. "मावशी, माझं चुकलं."

"गप. मी काय बोलले का तितं? ह्या गावानं लेक एकदा रिकामी धाडली. तेवढी लय झाली." तिने माझा पदर नीट खोचून दिला, तांदूळ सांडू नयेत म्हणून. "जा आता. सांभाळून जा."

बस नाशिकरोडला आली तेव्हा दिवे लागले होते. मुलगी सिन्नर फाट्याला उतरणार होती. म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी काकांना घेऊनच या, आम्ही धरतो त्यांना होडीत." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आले. कुलूप उघडलं. दार आपणच उघडायचं असतं हे मी दिवसभरात विसरले होते. तांदूळ ताटात काढले आणि मग ताट हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. ओटी आणायची कशी ह्याचा इतका विचार केला होता, की आणल्यावर ती ठेवायची कुठे हे सुचलंच नव्हतं. आईच्या फोटोसमोर ठेवली. फोटोला काही कळत नाही. शेवटी त्यातलेच तांदूळ धुऊन लावले. ओटीचे तांदूळ घरच्यांनीच खायचे असतात, आणि घरची म्हणजे मी. भात जरा जाड होता, नव्या रानातला. वर तूप घातलं, एक वाटी आईच्या नावाने काढली आणि बाकीचा मी खाल्ला. आईला म्हटलं, आणली गं. उशीर झाला, पण आणली.

मग सिन्नरच्या मुलीने व्हिडिओ पाठवला. मी दिसत होते, पदर पसरलेली, मागे पाणी. मी तो एकदा पाहिला. ह्यांचं नाव आलं तिथे थांबवला आणि मागे नेऊन परत ऐकलं. परत ऐकलं. चौथ्यांदा मात्र फोन पालथा ठेवला.

उरलं होतं ते गळ्यातलं काढायचं. पहिल्या वेळी जाऊबाईंनी काढलं होतं आणि घरभर माणसं होती. ह्या वेळी मीच घातलेलं, मलाच काढायचं होतं. आरशासमोर उभी राहिले आणि हात मागे नेले. हूक बोटाला लागायचा आणि सुटायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खांदे भरून आले. पहाटे रागाच्या भरात जमलं होतं, आता अंगात राग नव्हता. मी सवयीने आरशाकडून वळले, पाठ बाहेरच्या खोलीकडे केली, मान खाली घातली आणि "अहो" म्हणायला तोंड उघडलं.

पण दिवसभर तोंडात दुसराच शब्द बसला होता. मी त्यांना नावाने हाक मारली. पुढे राव नाही, मागे काही नाही, नुसतं नाव. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग मान तशीच खाली ठेवून, न हलता, मी बराच वेळ उभी राहिले.